सुरतेस, विनाकारण

नवापूरच्या माणसाला ‘सुरतेस का चाललात?’ असे कुणी विचारत नाही. ‘कोणाला घेऊन चाललात?’ असे विचारतात. दुखणे तालुक्याच्या आवाक्याबाहेर गेले, की आमच्याकडे सुरत. लग्नाचा बस्ता बांधायचा, सुरत. दिवाळी उलटली आणि गावात काम उरले नाही, की पुन्हा सुरतेचीच वाट, पण तिच्या अलीकडे, उसाच्या फडांत. नाशिक आणि मुंबई ही आमच्या राज्यातली शहरे खरी. परंतु रुळांनी आम्हांला तापीच्या मुखाशी बांधून टाकले आहे. आमच्या स्थानकाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा जाते. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, स्थानक मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांचे कार्यालय गुजरातेत, असा प्रकार आहे. बाहेरगावचे पाहुणे सीमारेषेवरच्या बाकड्यावर बसून छायाचित्रे काढून घेतात. आम्हांला त्याचे काही वाटत नाही.

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. एम. ए. ला जळगावला एकाच वर्गात होतो, तेव्हा एकमेकांना एकेरीत हाक मारत असू. लग्नानंतर सासूबाईंच्या देखत ‘अहो’ सुरू झाले, ते त्या गेल्यावरही तसेच राहिले. म्हणून इथेही मी त्यांना ‘हे’च म्हणते.

२००८ ते २०१५ अशी सात वर्षे आम्ही सुरतेस जात होतो. मूल व्हावे म्हणून. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. पहाटेची गाडी, रिक्षा, एका इमारतीचा तिसरा मजला, खालचे औषधाचे दुकान, पुन्हा रिक्षा, पुन्हा गाडी. २०१५ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी परतीच्या गाडीत हे म्हणाले, “पुरे करू या का?” मी म्हटले, “करू या.” त्यानंतर आम्ही सुरतेस गेलो नाही. ठरवून टाळले असे नाही. पण लुगडी नंदुरबारला मिळाली, चश्मा धुळ्याला झाला, आणि अकरा वर्षे निघून गेली.

गेल्या डिसेंबरात द्वितीय वर्षाच्या वर्गात बखर वाङ्मय शिकवत होते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत बखर लिहिली, हे सांगून झाले. सुरतेचा विषय निघाला. पहिली स्वारी जानेवारी १६६४, दुसरी ऑक्टोबर १६७०. शायिस्ताखानाने तीन वर्षे मुलूख नासवला होता, त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करून घेतली, हे मी दरवर्षी सांगते तसेच सांगितले. बखरकाराच्या भाषेत शहर ‘मारले’ जाते, त्या क्रियापदाबद्दलही बोलले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती बोलत नाही. घरी मावची बोलणाऱ्या आमच्या पुष्कळ मुलांना प्रमाण मराठीत प्रश्न विचारणे हेच एक धाडस वाटते. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही सुरत पाहिली आहे का? माझे आईबाप मढीला कोयत्यावर आहेत. मी मढीपर्यंत गेले आहे. पुढे नाही गेले. तिथे काय आहे?”

मी ‘हो, पाहिली आहे’ म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. रात्री ह्यांना सांगितले. हे बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मला त्या औषधाच्या दुकानाची पाटी आठवते. दुसरे काही नाही.” तेव्हा ठरले की एक दिवस सुरतेस जायचे, आणि कसल्याही कामासाठी जायचे नाही. बस्ता नाही, दवाखाना नाही, कुणाची ओळखपाळख नाही. नुसते पाहून यायचे.

तसे झाले नाहीच. जाण्याच्या आदल्या दिवशी ती मुलगी घरी आली. वसतिगृहाच्या हमीपत्रावर पालकांची सही हवी होती, मुदत दोन दिवसांवर आली होती, आणि पालक फडावर. “गाडी मढीला थांबते, मॅडम. बाबांना फोन केला आहे. सकाळी कागद द्यायचा, संध्याकाळी घ्यायचा.” मी कागद पिशवीत ठेवला. सोबत तिने बाजरीच्या पिठाचे एक गाठोडेही दिले.

जानेवारीतली पहाट. गाडीत जागा मिळाली. आमच्या समोर एक तरुण जोडपे, पायाशी भांड्यांचे बोचके, बोचक्यातून डोकावणारा कोयता. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि एकटे माणूस आले तर तो अर्धा कोयता. मराठीत जोडप्याला दांपत्य, उभयता, पती-पत्नी असे कितीतरी शब्द आहेत, पण ज्यात दोघांच्या श्रमाचा हिशेब एकत्र मांडला आहे असा मला ठाऊक असलेला हा एकच. त्या बाईने मला मुले किती म्हणून विचारले. मी नाही म्हटले. तिने ह्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पदराची गाठ सोडून शेंगा पुढे केल्या.

सोनगडचा डोंगर उजाडताना दिसला. पिलाजीराव गायकवाडांनी आपले पहिले ठाणे इथे बसवले. बडोद्याचे संस्थान पुढे इथूनच वाढले. उकाईच्या धरणाचे पाणी गाडीतून दिसत नाही; पण त्या पाण्याखाली आमच्याकडचीही गावे गेली आहेत, आणि त्याच पाण्याचा विसर्ग वाढला तेव्हा ऑगस्ट २००६ मध्ये खाली सुरत बुडाली होती. व्यारा गेले. मढीला गाडी जेमतेम थांबली. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ डब्याडब्यांतून डोकावत धावत होता. ह्यांनी हाक मारली, मी खिडकीतून कागद आणि गाठोडे दिले, आणि ‘सही कुठे करायची’ हे सांगेपर्यंत गाडी सुटली. “खाली, उजव्या बाजूला!” हे ओरडले. त्यांना ऐकू गेले की नाही, कळले नाही.

उधन्याला उतरलो. उधना, लिंबायत, पांडेसरा हा भाग म्हणजे खानदेशाचा एक तुकडाच. धुळे-जळगावकडची माणसे यंत्रमागांवर कामाला आली आणि इथेच राहिली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. रिक्षावाल्याशी ह्यांनी मोडक्या गुजरातीत सुरुवात केली, त्याने शांतपणे विचारले, “कोठे जानं शे, सर?” पुढचा सगळा प्रवास अहिराणीत झाला. गोपीपुऱ्यात जायचे आहे, नर्मद कवींच्या घरी, म्हटल्यावर तो म्हणाला की आजवर त्या घराचे गिऱ्हाईक त्याला मिळाले नव्हते.

आमलीरानातले ते घर अरुंद गल्लीत आहे. नर्मद, म्हणजे नर्मदाशंकर लालशंकर दवे, १८३३ साली सुरतेत जन्मला. गुजराती गद्याचा पाया घालणारा, एकहाती ‘नर्मकोश’ रचणारा, आणि १८६६ सालीच ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहून मोजक्या प्रती छापून ठेवणारा हा माणूस. आपल्याकडे लोकहितवादी आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यात जे विभागून सापडते, ते याच्या एकट्याच्या आयुष्यात एकामागून एक आले: तारुण्यात आक्रमक सुधारक, उतारवयात परंपरेचा समर्थक. पण आम्हां दोघांना तिथे थांबवून धरले ते दुसऱ्याच गोष्टीने. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी नर्मदने मास्तरकी सोडली आणि यापुढे लेखणीच्याच आधाराने जगायचे असे ठरवले. चोवीस वर्षे त्याने ते निभावले. १८८२ मध्ये कर्जाने आणि परिस्थितीने जेरीस येऊन त्याला नोकरी धरावी लागली, आणि चार वर्षांनी तो गेला.

हे अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होते. ज्या वर्षी तासांचे पैसे मार्चनंतर मिळाले, त्या वर्षी आमची सुरतवारी पतसंस्थेच्या कर्जावर झाली. मधल्या काळात ह्यांनी लिहिलेल्या कथांचे एक बाड आहे, ते कपाटावर आहे. घरातून बाहेर पडताना हे म्हणाले, “बरे झाले मी नोकरी सोडली नाही.” मग चपला घालताना म्हणाले, “धरली कुठे होती म्हणा.” मला हसू आले, आणि मग आवरेना.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी खुदावंदखानाने तो १५४० च्या दशकात बांधला. आज महानगरपालिकेने तो नीटनेटका करून संग्रहालय मांडले आहे. १६६४ मध्ये सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच तटांआड बसून राहिला. आत फिरताना मला सारखे वाटत होते, की आपण आजवर हे शहर घोड्यावरूनच पाहत आलो, तटाच्या आतून ते कसे दिसले असेल, हे वर्गात कधी विचारले नाही. स्वारीचे कारण मला आजही पटते. ते मुलांना सांगताना माझा आवाज जरा चढतो, तोही चढतच राहील. पण व्यापाऱ्यांच्या गल्लीतल्या एखाद्या बाईने त्या चार-पाच दिवसांत काय केले असेल, हा प्रश्न परीक्षेत नसला तरी वर्गात यायला हरकत नव्हती.

नदीकाठी बंदराची खूण म्हणावी असे फारसे काही नाही. तापी गाळाने भरत गेली. मोठी जहाजे शहरापर्यंत येतच नसत, मुखाजवळच्या सुवाळीला नांगर टाकत. सर टॉमस रो १६१५ मध्ये उतरला तोही तिथेच. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलवले आणि बंदराची कळा उतरू लागली. हजच्या यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघल सराई मात्र उभी आहे. तिच्यात आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे. मक्केला निघालेल्या लोकांनी जिथे पथाऱ्या पसरल्या तिथे लोक घरपट्टीचे कागद घेऊन रांगेत होते. ह्यांना एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका आठवली: ‘इंग्रजांनी सुरत येथे लाकडाची वखार काढली.’ आमच्या नवापुरात वखार म्हणजे लाकडाचीच, दुसरी कुठली त्याने पाहिलेली नाही; ह्यांनी त्याला अर्धा गुण दिला होता.

दुपारी लोचो खाल्ला. सुरतचे जेवण आणि काशीचे मरण अशी गुजरातीत म्हण आहे. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाशी आम्ही सहमत झालो. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी काशीपर्यंत जाण्याचे कारण नव्हते, कारण यानंतर आम्ही कबरस्तानांतच गेलो.

कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंचे दुमजली थडगे आहे. घुमट, कमानी, जिने. क्रूस नसता तर एखाद्या सरदाराचा मकबरा वाटावा. ख्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज दहा वर्षांनी. महाराजांच्या पहिल्या स्वारीत इंग्रजांची वखार लढवून धरली ती याच जॉर्ज ऑक्झेंडनने. आपल्या पुस्तकांतून तो एका वाक्यापुरता येतो आणि जातो. इथे तो साडेतीनशे वर्षे आहे.

पण ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते पलीकडच्या डच आणि आर्मेनियन कबरस्तानात होते. आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या सपाट शिळा जमिनीलगत आहेत, त्यांवरची अक्षरे आम्हां दोघांनाही लागली नाहीत. त्यांच्या शेजारी डचांच्या उंच समाध्या. त्यांतली सर्वांत मोठी हेन्ड्रिक आद्रियान व्हान रेडे याची. नाव वाचले आणि मी ह्यांचा दंड धरला.

मुद्रणाचा इतिहास शिकवताना हे नाव आम्ही दोघेही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. व्हान रेडे मलबारातला डच अधिकारी. तिथल्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. अ‍ॅम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात तो छापला गेला. माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. त्या तिघांनी आपल्या कामाची साक्ष लिहून दिली, आणि ती पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली गेली. भाषा कोकणी, अक्षरे नागरी. साल १६७८. म्हणजे सेरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले त्याच्या एकशे सत्तावीस वर्षे आधी. नागरी अक्षरे छापली जाण्याच्या अगदी आरंभीच्या काळातला हा नमुना. ग्रंथाचा शेवटचा खंड निघाला तेव्हा व्हान रेडे हयात नव्हता. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना मुंबईच्या जवळपास जहाजावरच तो वारला, आणि त्याला इथे आणून पुरले.

हे सगळे आम्हांला पाठ होते, फक्त तो इथे आहे हे ठाऊक नव्हते. सात वर्षे आम्ही या शहरात येऊन वेळ काढला आहे. अहवाल मिळायला तीन तास आहेत म्हणून दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो आहोत. आणि हा माणूस रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर होता. त्या तीन तासांत इथे आलो असतो तर काही वेगळे झाले असते असे नाही. तरी पायरीवर बसल्यावर मला त्या जिन्याचा प्रथमच राग आला.

याच डच कंपनीची एक वखार जपानात, नागासाकीच्या बंदरातल्या देशिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर होती. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षे युरोपियनांपैकी एकट्या डचांनाच तिथे व्यापाराची मुभा होती. तिकडचे तांबे जहाजांतून सुरतेच्या बाजारात येई. हे म्हणाले, “आपल्या देवघरातला पंचपात्र-पळीचा संच काय सांगावे, जपानचा असायचा.” तो सासूबाईंनी नंदुरबारच्या बाजारातून घेतलेला होता, हे त्यांना माहीत आहे.

मग हे म्हणाले, “तिकडे जायचे का?” कुठे ते मी विचारले नाही.

ती गल्ली सापडायला वेळ लागला. उड्डाणपूल नवा झाला आहे. इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर आता कसलेसे संगणकाचे वर्ग आहेत. औषधाच्या दुकानाची पाटी तीच. समोरचा चहावाला म्हातारा झाला आहे. त्याने आम्हांला ओळखले नाही; ओळखायचे काही कारणही नव्हते, रोज आमच्यासारखी किती माणसे तिथे उभी राहिली असतील. आम्ही रस्त्याच्या या बाजूला उभे राहून चहा प्यायलो. “चहा तेव्हाही बराच होता,” हे म्हणाले. मी म्हटले, “तेव्हा मी कधी प्यायलेच नव्हते. तपासणीला उपाशीपोटी यायचे असे.” हे माझ्याकडे पाहत राहिले. सात वर्षे त्यांनी तो चहा एकट्याने प्यायला होता, हे दोघांच्याही आधी कधी लक्षात आले नव्हते. त्यांनी आणखी एक कप मागवला.

देशाला सुरत कळली ती एकदा १९९४ च्या प्लेगने. नवापूर कळले ते २००६ च्या फेब्रुवारीत, बर्ड फ्लूने. परतीच्या गाडीत हे मी म्हटले, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली करून सांगितले की त्यांच्या कोंबड्या तेव्हा गेल्या होत्या, सगळ्या. मग त्यांनी पुढचा अर्धा तास पोल्ट्रीच्या धंद्याविषयी सांगितले आणि आम्ही ऐकले.

बारडोली गेले तेव्हा अंधार झाला होता. मी दाराशी जाऊन उभी राहिले. मढीला फलाटावर या वेळी दोघेही होते, मुलीची आईसुद्धा. कडेवर एक लहानगा. कामावरून तशीच आली असावी, केसांत उसाचे पाचट अडकलेले. बापाने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद माझ्या हातात दिला, आईने उसाची मोळी दारातून आत सरकवली. ती मावचीत काहीतरी बोलली. मला त्यातला ‘पोहे’ एवढाच शब्द ओळखीचा वाटला, आणि तोही चुकीचा ऐकला असेन. मी नुसती मान हलवली. गाडी हलली.

आसनावर येऊन कागद उघडला. दिव्याखाली धरला. सही खाली, उजव्या बाजूलाच होती. वळणदार, सावकाश केलेली, पण गुजराती अक्षरांत. लहानपणी तोही आईबापांबरोबर फडावर येत असणार, आणि तिकडच्याच शाळेत काही महिने बसला असणार. हमीपत्राचा सगळा मजकूर नागरीत आणि तळाशी ही पाच अक्षरे, डोक्यावर रेघ नसलेली. बाजूला आईचा निळा अंगठा.

“कारकून घेईल ना?” मी विचारले.

ह्यांनी चश्मा कपाळावर चढवून कागद जवळ धरला आणि ते नाव हळूहळू, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचले.